डांबरगोळी कुठं जाते

वास म्हणजे काय असतं, हे मला साठी उलटून गेल्यावर कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं एखाद्या दुपारी अजून वाटतं.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मधूनच सुरू झाली. आमचं गाव बारामती सोडून इंदापूरकडं निघालं की लागतं. कालव्याचा एक फाटा आमच्या घरामागून वाहतो. त्या पाण्यावर डाळिंब, थोडा ऊस, आणि बाजारात न्यायला वांगी-भेंडी. घर निम्मं स्लॅबचं, निम्मं पत्र्याचं. घरात मी, आमचे मालक, मुलगा, सून आणि माझ्या लेकीची लेक. लेक नाही. लेक गेली.

गौरी-गणपतीला माहेरी आली होती ती. अंग मोडून आलंय म्हणाली, माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंगावर घेतली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. आम्ही म्हटलं पावसाळी ताप असेल. गोळ्या दिल्या, कपाळाला बाम चोळला. मग रक्त तपासलं, मग डेंगू म्हणाले, मग बारामतीला दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परत आली ती पांढऱ्या कापडात. अंगाला नुसता स्पिरिटचा वास. मी तिच्या केसांत तोंड घातलं, तर तिथंही दवाखानाच. माझ्या लेकीला माझ्या लेकीचा वास नव्हता. नात तेव्हा पहिलीत होती.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. पण ती दवाखान्यात गेली, म्हणून त्या गोधडीचा कुणाला विचारच आला नाही. तेरावा झाल्यावर कॉट आणि भिंतीच्या फटीत ती मला सापडली. उचलली आणि मटकन खाली बसले. लेक तिथं होती. सगळीच्या सगळी. माका आणि जास्वंद घालून ती स्वतः तेल कढवायची, त्या तेलाचा वास. बाम. तापाचा घाम. चुलीचा धूर. आणि या सगळ्याच्या खाली तो एक वास, त्याला नाव नाही, तान्ही होती तेव्हा तिच्या टाळूला यायचा तो.

नात शेजारीच होती. तिनं गोधडीचं दुसरं टोक ओढून नाकाला लावलं आणि म्हणाली, "आजी, आई." एवढंच.

गव्हाची एक पत्र्याची कोठी रिकामी होती, घट्ट झाकणाची. गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्या कोठीत ठेवली आणि वर्षाचे गहू पोत्यातच राहू दिले. उंदरांनी ती पोती कुरतडली, मालक बडबडले, मी ऐकून घेतलं.

नात त्या कोठीपाशी वाढली म्हणा ना. शाळेत कुणी आईवरून बोललं, किंवा बाप सणाला येऊन परत गेला की ती माझा पदर धरायची. बाप इंदापूरकडं असतो, दुसरं लग्न झालंय. वाईट माणूस नाही, पण येतो तो पाहुण्यासारखा. "आजी, उघडायची?" ती विचारायची. मग आम्ही दोघी झाकण काढून, विहिरीत डोकवावं तशी डोकी आत घालायचो. पोट भरलं की झाकण लावायचं. आईचा चेहरा तिला मोबाइलमधल्या फोटोवरून माहीत होता. आवाज तिला आठवत नव्हता. वास मात्र तिला आठवावा लागायचा नाही. तो होता. कोठीत होता.

सून त्या कोठीला कधी हात लावायची नाही. झाडताना केरसुणीसुद्धा लांबून फिरवायची. मला वाटायचं, तिला हे आवडत नसावं. नणंदेचं असलं काहीतरी घरात ठेवलेलं कोणत्या बाईला आवडेल?

आणि मला वाटायचं, हा वास कायमचा आहे. वास म्हणजे रंगासारखा, अशी माझी समजूत. लाल मिरची बघून बघून तिचा रंग संपतो का? मग गोधडी हुंगून हुंगून तिचा वास का संपावा?

मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. पुढचं जे आलं ते आधी मुलांच्या आणि मग नातीच्या पुस्तकांतून. ती मोठ्यानं वाचायची, मी भाजी निवडत ऐकायचे, आणि ती शाळेत गेली की तेच पान बोट ठेवून पुन्हा वाचायचे. इतिहासात माझा जीव रमत नाही, विज्ञानात रमतो. ती सातवीत असताना एका सुट्टीच्या दिवशी अशीच वाचत बसली होती. मी कोथिंबीर निवडत होते.

"आजी, सगळं कणांचं असतं. तू, मी, ही कोथिंबीर, तो हंडा."

"कणांचं म्हंजे रव्यासारखं?"

"रव्याहून लई बारीक. दिसतच न्हाईत. स्थायूत ते गच्च बसल्याले असत्यात, नुसते जागच्या जागी थरथरत्यात. द्रवात सरकत्यात. आन वायूत मोकाट."

"आलं ध्यानात. स्थायू म्हंजे पंगतीला बसल्याली माणसं, वाढपी येईस्तोवर जागा सोडत न्हाईत. द्रव म्हंजे आठवडी बाजार, खेटून खेटून फुडं सरकायचं. आन वायू म्हंजे शाळा सुटल्यावर तुमी."

ती खळखळून हसली. "मॅडमला सांगते तुझं. आन आजी, तापवलं की कण जास्त पळत्यात. गार केलं की दमत्यात."

पुढं पुस्तकात एक प्रयोग होता. एकीनं खोलीच्या कोपऱ्यात उदबत्ती लावायची, दुसरीनं डोळे मिटून दारात बसायचं, आणि वास आला की हात वर करायचा. मी दारात बसले. वास आला, मी हात वर केला. ती पळत आली आणि बोट ठेवून पुढचं वाचायला लागली. वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे कण हवेतून पसरत आपल्या नाकापर्यंत येतात.

"वासाचे कण," मी म्हटलं.

"वासाचे न्हाय आजी. उदबत्तीचेच. त्या वस्तूचेच." एवढं बोलून ती थांबली. ते वाक्य तिनं परत वाचलं, या वेळी मनात. पुस्तक मिटलं, बोट आतच राहिलं, आणि तिनं कोठीकडं बघितलं.

"आजी. म्हंजे आपण गोधडीचा वास घेतो, तवा…"

"न्हाय गं," मी म्हटलं. काय न्हाय, ते मला माहीत नव्हतं.

"तवा आईच थोडी थोडी भाईर येती. आन आपण तिला संपवतोय."

कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. पोरीला काहीतरी उलटं सांगावं म्हणून मी डोकं खाजवलं, पण पुस्तकात छापलेलं होतं. मिरचीच्या रंगाचा माझा हिशोब चुकला होता. इतकी वर्षं आम्ही दोघी त्या कोठीत डोकी घालून तिला मुठीमुठीनं उधळत होतो.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. कोठी उघडायची फक्त दसऱ्याला, दिवाळीला आणि लेकीच्या वाढदिवसाला. झाकणाच्या कडेला पूर्वी कणगीला लिंपायचे तशी शेणमाती लावू म्हटलं, तर नात म्हणाली, "आजी, शेणाचे बी कणच असत्यात. ते आत जातील." मग चिकटपट्टी लावली. तरी तिला चैन पडेना. कोठी होती पत्र्याच्या खोलीत, आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, दुपारी त्या खोलीत पापड भाजून निघतील.

एके दिवशी बघते तर ही फ्रीजमधलं सगळं बाहेर काढून बसलेली. दूध, मिरच्या, भिजवलेली मटकी, सगळं फरशीवर. सून कमरेवर हात ठेवून उभी.

"अगं, दूध नासंल की! काय चालवलंयस?"

"मामी, गार जागेत कण दमत्यात. भाईर येत न्हाईत."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. गोधडी कशीही घडी केली तरी त्या फ्रीजात मावण्यासारखी नव्हती. सुनेनं मुकाट्यानं दूध परत आत ठेवलं, गोठ्यातून एक गोणपाट आणलं, भिजवून पिळलं आणि नातीच्या हातात दिलं. "हे गुंडाळ. माठाला गुंडाळत्यात तसं." कोठीपासून मात्र ती लांबच राहिली.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवायचं काम नातीकडं. एका संध्याकाळी ती कोठीपाशी गुडघे टेकून बसलेली दिसली, झाकण बंद आणि नाक चिकटपट्टीला लावलेलं. माझा आवाज चढला. "उघडलीस?"

"न्हाय गं आजी. फटीतनं जे आपोआप येतंय, तेवढंच घेतीया. ते तर वायाच जाणार हाय."

मला तिथं उभं राहवलं नाही. मागच्या दारानं बाहेर गेले आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच होती.

आता ते घट. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं सगळं घर फाट्यावर जातं. गोधड्या, सतरंज्या, पडदे, पोती, धान्याच्या कोठ्या, डबे, सगळं. ट्रॉली भरून जातं आणि बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात. घरोघर धुण्याची मशीनं आली आहेत, पण माझ्या हातची गोधडी त्यात घातली तर ते मशीन घरभर नाचतं. घरात एक चिंधी जरी पारोशी राहिली, तरी घटातलं धान उगवत नाही, अशी आमच्या मोठ्या जाऊबाईंची खात्री. शेजारीच राहतात. आवाज असा की फाट्याच्या पलीकडचा बैल मान वर करतो. दरवर्षी त्या माझ्या घरात येऊन काय काय राहिलं ते बघायच्या, आणि दरवर्षी मी ती कोठी पोत्याआड सरकवून म्हणायचे, "त्यात गहू हायती आक्का, औषध टाकलंय, उघडू नगा." चालून जायचं.

त्या वर्षी गोणपाटानं घात केला. जाऊबाई आल्या, बघतात तर काय, कोठी ओल्या गोणपाटात.

"अगं ए, गव्हाला न्हाऊ घालतीस का काय?"

"उन्हानं कीड लागती आक्का."

"आन वल्यानं लागत न्हाय व्हय? कोंब आणतीस का गव्हाला? घट बसवायचा तर परडीत बसवत्यात बाई, कोठीत न्हाय!" त्या हसल्या, पण डोळे बारीक झाले होते. "सकाळी कोठ्या बी रिकाम्या करायच्या. मी हाय बघायला."

मी मान हलवली. मनात म्हटलं, सकाळी बघू, काहीतरी सुचेल. सकाळी काही सुचायच्या आत ट्रॉली दारात उभी. नात शाळेत गेलेली. सून घर सारवायला मागं राहिली, आणि मी बायांबरोबर फाट्यावर.

पाणी जोरात होतं. मी एका मोठ्या वाकळेचं टोक धरून उभी होते, दुसरं टोक शेजारणीकडं. पाणी प्यायलेली वाकळ म्हणजे मेलेल्या म्हशीएवढी जड, सोडली तर थेट इंदापूरच्या बाजूला वाहून जायची. आणि नेमक्या त्याच वेळी जाऊबाई काठावर चढल्या, पदर पिळला आणि म्हणाल्या, "तुझ्या कोठ्या ऱ्हायल्या गं. मी आणते जाऊन."

"आक्का, थांबा! मी आणते!"

"तू धर ती वाकळ. सोडशील आन घरचे थंडीत कुडकुडतील." निघाल्यासुद्धा.

बायांनो, मी काय सांगू. हात सोडता येईना, पाय उचलता येईना, ओरडावं तर काय ओरडावं? मेल्या लेकीची पारोशी गोधडी घटाच्या तोंडावर घरात ठेवलीय, असं? जाऊबाई ती दोन बोटांत धरून आणणार आणि माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडवणार. मला ते दिसायलाच लागलं. फेस दिसला. फेस वाहत गेलेला दिसला. शेजारीण म्हणाली, "वहिनी, थरथरताय का? गारठलाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय, गारठले."

जाऊबाई परत आल्या त्या कोठी डोक्यावर पालथी घालून. धाडकन काठावर आपटली. "रिकामी हाय की गं! गहू कुठं गेलं? उगा घाबरत व्हतीस, म्हटलं आत सोनं हाय का काय."

मी ती वाकळ काठावर कशी ओढली मला आठवत नाही. ओल्या लुगड्यानं घरी पळाले. सून दारातच उभी होती, हात शेणानं भरलेले.

"आत्या, आधी दम घ्या. हाय. माझ्या पेटीत ठेवलीया. शालूच्या खाली, कुलूप लावून. आक्का वाकून बघायच्या आत काढली."

लग्न झाल्यापासून त्या पेटीला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. माहेरचा शालू, आईनं दिलेली पैठणी, तिचं सगळं त्या पेटीत. मी तिच्या शेणाच्या हातांसकट तिला जवळ घेतलं, तिच्या गालांवरून हात फिरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. केरसुणी लांबून का फिरवायची, ते मला त्या क्षणी कळलं. धक्का लागू नये म्हणून.

संध्याकाळी नात आली तेव्हा तिला सांगितलं. "मामीच्या पेटीत?" ती म्हणाली, आणि मामीच्या कमरेला जी मिठी मारली ती सुटेना. ठरलं, दसऱ्यापर्यंत तिथंच असू दे. पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत कोठीपेक्षा पेटी बरी.

ते नऊ दिवस आमचे फार चांगले गेले. घटातलं धान असं तरारलं की जाऊबाई रोज येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, "बघ, सगळं धुतल्याचा गुण." आम्ही तिघी एकमेकींकडं बघायचो नाही. आरतीच्या वेळी नात ताटातल्या कापराकडं बोट करून मामीला सांगायची, "मामी, ह्यो पेटवला न्हाय तरी संपतो, ठावं हाय का? ह्याचं आधी पाणी होतच न्हाय. स्थायूचा सरळ वायू. संप्लवन म्हणत्यात त्याला." सून कौतुकानं मान डोलवायची. मीही डोलवायचे. आणि पेटी होती माळ्यावर, पत्र्याच्या बरोबर खाली, आणि बाहेर ते ऑक्टोबरचं ऊन. ज्या पोरीनं गोणपाट भिजवून भिजवून बोटं पांढरी करून घेतली होती, तिच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. जपलं गेलंय म्हटल्यावर माणूस पुढचं बघतच नाही.

दसऱ्याला सकाळी नात न्हाऊन, नवा ड्रेस घालून माळ्याखाली उभी राहिली. मुलानं पेटी खाली उतरवून दिली. सुनेनं कुलूप काढलं आणि झाकण उचललं.

वास आला. तिघींनाही एकदमच आला.

डांबराचा.

सुनेनं शालू बाजूला केला. गोधडी खाली होती, नीट घडी केलेली, घडीघडीत पांढऱ्या गोळ्या. नातीनं गोधडी उचलून तोंडाला लावली. एकदा लावली. उलटी करून लावली. उलगडून मधोमध लावली. रडली नाही. खाली वाकून एक गोळी उचलली, हरभऱ्याएवढी.

"मामी, घातल्या तवा केवढ्या व्हत्या?"

"बोराएवढ्या." सुनेला अजून कळलं नव्हतं. "विरत्यात गं त्या. नव्या घालाव्या लागत्यात."

"विरत न्हाईत," नात म्हणाली. "गोधडीत गेल्या."

माझं डोकं फिरलं. "तुला कुणी सांगितलं व्हतं त्या मेल्या गोळ्या घालाया?" मी सुनेवर ओरडले.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सांगायचं काय आत्या? जपायचं म्हटलं की मी गोळ्या घालते. आईनं शालू दिला, त्याच्या आधी गोळ्यांची पुडी दिली. पेटीत व्हत्या त्या कमी वाटल्या म्हणून दुकानातनं आणखी आणल्या. कसर लागली असती तर मी तुमाला काय तोंड दाखवलं असतं?"

मी तरी वेगळं काय केलं असतं? माझ्याही पेटीत तेच आहे. आमच्या सगळ्या बायांच्या पेट्या एकाच वासाच्या असतात, आणि त्या वासाला आम्ही जपणं म्हणतो.

सोनं लुटायला आलेल्या लोकांना कुणीतरी चहा दिला. मी दिला असेन.

नातीनं दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या मॅडमना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. मॅडम भल्या बाई. म्हणाल्या, काळजी करू नकोस, उन्हात वाऱ्यावर टाक, डांबराचे कण उडून जातील.

"मॅडम, आन दुसरे कण? आधीचे?"

"आधीचे कसले?"

"आईचे."

मॅडम हळू बोलल्या, "बाळा, वाऱ्याला निवडता येत नाही गं."

मग सुरू झालं ते. उन्हात टाकली तर डांबर लवकर जाईल, पण लेकही जाईल. सावलीत टाकली तर दोन्ही हळू जातील. तशीच ठेवली तर दोन्ही राहतील, पण डांबराखाली लेक सापडायची नाही. मी म्हणायचे सावलीत, सून म्हणायची उन्हात, पाच मिनिटं का होईना. शेवटी नात म्हणाली, "सावलीत. आन कुणी लांबनं बी वास घ्यायचा न्हाय. घेतला तर मी घेईन." आणि ओसरीतल्या दोरीवर ती गोधडी टांगली.

ती रोज शाळेत जाताना एकदा आणि आल्यावर एकदा तोंड लावायची. मी स्वयंपाकघरातून तिच्या पाठीकडं बघायचे. पाठीवरूनच कळायचं. ती गेली की मी जायचे. एकेक ठिगळ हुंगायचे, जिथं लेकीचं डोकं यायचं तिथलं, जिथं हात बाहेर काढायची तिथलं. कधी वाटायचं आला. पुन्हा तोंड लावावं तर डांबर. मग डांबर कमी झालं, आणि त्याखालून वर आलं ते नुसतं जुन्या कापडाचं काहीतरी. आणखी घासून घासून नाक लावलं तर माझ्याच तोंडाची तपकीर. मी तपकीर सोडली. आठ दिवस डोकं ठणकत राहिलं, पण सोडली.

जाऊबाई एकदा ओसरीत आल्या. गोधडी बघून थांबल्या. ठिगळं ओळखली त्यांनी, त्यात त्यांच्याही एका लुगड्याचं टोक होतं. "ही तिची न्हवं?" मी मान हलवली. आता ओरडणार म्हणून मी पदर खोचला. पण त्या जवळ गेल्या, वाकल्या, हुंगल्या. "डांबर," म्हणाल्या. खाटेवर बसल्या. "सांगायचं व्हतंस गं मला. मी काय वाघ हाय का?" मग नाक ओढून म्हणाल्या, "धान तर हातभर उगवलं व्हतं की."

मध्येच एक दिवस सून बाजारातून जास्वंदीची फुलं आणि माका घेऊन आली. मला विचारून विचारून, लेक कढवायची तसं तेल कढवलं. "मेथ्या किती घालायच्या आत्या? कडीपत्ता आधी का नंतर?" मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. घरभर वास झाला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. नात शाळेतून आली, उंबऱ्यातच थबकली. सुनेनं वाटी पुढं केली. पोरीनं डोळे मिटून वास घेतला. तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि तसंच विझलं.

"तेल हाय मामी," ती म्हणाली. "आई न्हाय." वाटी अलगद खाली ठेवून ती आत गेली. सून वाटीकडं बघत बसून राहिली.

दिवाळी झाली. नियमानं तो उघडायचा दिवस होता, पण उघडायला काही उरलं नव्हतं, ती तर दोरीवरच होती. मग थंडी पडली. एका सकाळी नात उठली, ओसरीत गेली आणि गोधडी दोरीवरून ओढून घेऊन आली. खांद्यावरून पांघरून माझ्याशेजारी चुलीपुढं बसली. इतक्या वर्षांत ती कुणी अंगावर घेतली नव्हती. माझा हात उठला, थांबव म्हणून, आणि तसाच खाली आला. आता काय जपायचं होतं?

"आजी, तुला येतो का अजून?"

मी तिच्या खांद्यावर तोंड टेकलं. बराच वेळ टेकलं. धूर होता, थंडी होती, लांबून कुठूनतरी डांबर होतं. "थोडा," मी म्हटलं.

ती गोधडी फिरवत फिरवत एका कोपऱ्यापाशी आली. हुंगलं. थांबली. परत हुंगलं. मला दाखवलं. तो कोपरा तेलकट होता. ताजं तेल. माका आणि जास्वंद.

सून दारात उभी होती, हातात दुधाचं भांडं. आत येईना आणि बाहेरही जाईना.

पोरीचं नाक या घरात सगळ्यांत तिखट. वाटीतलं तेल तिनं एका श्वासात ओळखलं होतं. तिनं एकदा मामीकडं बघितलं, मग तो कोपरा मुठीत धरून गालाला लावला.

"व्हय," ती म्हणाली. "हितं हाय. हितं येतोय."

सुनेनं भांडं खाली ठेवलं आणि पदर तोंडाशी नेला. मी गोधडीची कड नातीच्या हनुवटीखाली नीट खोचली, आणि उंदरांनी कुरतडलेलं गव्हाचं पोतं ओढत ओढत त्या कोठीपाशी नेलं. झाकण काढलं, सवयीनं डोकं आत घातलं. नुसता पत्रा. मग गहू ओतायला लागले.